रिसाल्याचा पुढचा इतिहास

परतवाडा–अमरावती एसटीत माझ्या पुढच्या बाकावर नवरा-बायको होते. मोबाइल तिच्या हातात होता.

"फौजेत आपल्या शिवमच्या निबंधाले पयला नंबर भेटला, अन् तू रडून राह्यली?"

"तुमी पुरा वाचला का?"

"वाचला ना. साहेबानं सांगतलं, आपल्या रिसाल्याचा पुढचा इतिहास लिवा. यानं लिवलं, घोडे गेले, रनगाडे आले, पुढची मोठी लढाईबी आपनच जिंकली. मस्त हाय."

"खालतं शहिदायची यादी हाय."

"मनची गोठ हाय ते. इतिहास म्हटला का यादी राह्यतेच."

"यादीत एकच नाव हाय. शिवम गोवर्धन गावंडे."

"आपला?"

"मी फोन केला त्याले. म्हटलं, तुह्यं नाव कावून टाकलं रे?"

"मंग?"

"म्हने, माय, कोनाचं तं टाकाच लागते. दुसऱ्या मायचं लेकरू कसं टाकू?"

आसेगाव आलं. माणसं उतरली, चढली. बस पुन्हा निघाली.

"लढाई कोन्या सालची लिवली त्यानं?"

"दोन हजार पस्तीस."

"तवा नोकरी संपते का त्याची?"

"नाही. चार वर्षं बाकी राह्यतेत."

"मंग लाव त्याले फोन. म्हन, नाव राहू दे, पन लढाई पाच वर्षं पुढं ढकल."