रजाईतल्या होड्या

मी अकोल्याकडची, कापसाच्या मुलखातली, समुद्र काई मी पाह्यला नाई, अन् नवरा मिळाला रेल्वेतला, बदली झाली थेट जयपूरले, दुर्गापुऱ्यात राह्यलो, अन् तिथं वाळूच्या गावात ह्याईले नाद कशाचा, तर जहाजाचा! हसू नका, खरं सांगून राह्यली.

काय सांगू तुम्हाले, ह्याईचा हात देवानं फुरसतीनं बनवला. माझे थोरले दीर नेव्हीत होते, इंजिनखोलीत, अन् काचबिंदूनं त्याईची नजर चालली होती. हे म्हणे, नजर आहे तोवर दादाले त्याचं जहाज दाखवतो. सारं लाकडात कोरलं, पण काठावरच्या जीव वाचवायच्या होड्या एकसारख्या पाह्यजेत, नखाएवढ्या. मंग एकच कोरली, तिचा रबराचा साचा केला, त्यात रेझिन ओतायचं, मधासारखं असते ते, हार्डनरचे थेंब टाकले की दगड होते. वास असा की मी ह्याईले पार अंगणात काढलं.

पण जयपूरची थंडी! भाऊजी यायची वेळ झाली अन् होड्या निघायच्या काकवीसारख्या चिकट. हे चिडले, हार्डनर वाढवलं, तर होड्या तापून तडकल्या. मी म्हटलं, अहो, थंडीत दही लागत नाई म्हणून विरजण वाढवता काय, आंबट होईल ना, भांडं ऊबेत ठेवा. मंग साचा डब्यात, डबा आमच्या रजाईत, अन् आम्ही दोघं शाली पांघरून कुडकुडत. उन्हं आल्यावर पाह्यलं तर होड्या कशा, खणखणीत! ह्याईनं एकेक अशी बसवली की मी पाहतच राह्यली.

भाऊजी आले, पण नजर पुरती गेली होती. ह्याईचं तोंड पाहवेना मले. भाऊजींनी हात लांब केला, जहाज चाचपलं, होड्या चाचपल्या, एकीपाशी बोट थांबलं, म्हणे, अरे, इंजिनखोलीतून वर येऊन हिच्याखाली मी चोरून विडी ओढायचो. अन् दोघं भाऊ हसता हसता रडले.

आता जहाज टीव्हीच्या पेटीवर आहे. देव ह्याईचे हात असेच ठेवो. शेजारीण म्हणते, भाभीजी, किती धूळ बसते, काच लावून घ्या. मी म्हणते, नाई बाई. भाऊजी दर दिवाळीले येतात, काच लावली तर त्याईनं पाह्यचं कसं?