काउंटरवरचा तुटका तुकडा

...आणि वर ते ॲप विचारतं काय, तर व्यास किती मिलिमीटर! अहो, नळ गळतोय, बादली भरून वाहतेय, अशा वेळी माणूस व्यास मोजेल की फडकं बांधेल? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं नळांचं सामान विकतोय, एकाही गिऱ्हाइकानं मला व्यास सांगितला असेल तर शपथ! येतात, खिशातून तुटका तुकडा काढतात, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "असंच द्या." संपलं!

पण जावईबापूंनी दुकानाचं ॲप केलं. हौसेनं, फुकट. आधी नाव नोंदवा, मग पासवर्ड, मग पितळ की प्लास्टिक, मग आटे आतून की बाहेरून... सतरा पायऱ्या! एवढ्यात माणूस गच्चीवर पोचतो! भीत भीत म्हटलं, "बापू, एकच बटण ठेवलं तर?" हसले. "बाबा, एका बटणाला ॲप म्हणत नाहीत." आतून हिनं डोळे वटारले, "जावयाचं मन मोडू नका." नाही मोडलं. गिऱ्हाईक तुटलं. आठ महिन्यांत ऑर्डरी दोन. एक त्यांची, एक माझी, चालतंय का बघायला... चाललं नाही.

आणि आमच्या गल्लीतल्या प्लंबरची बायको! तिनं काय केलं? मोबाइलवर एक पान. पांढरंफटक. मधोमध बटण, 'तुटलेल्याचा फोटो टाका'. बस्स! ना दुकान, ना गोदाम, आणि लोकांची ही झुंबड! दिवसातून दहादा स्कूटरवरून माझ्याकडेच येते, मोबाइल काउंटरवर ठेवते, "काका, असंच द्या." मी देतो. म्हणजे बघा, माझंच वाक्य, माझाच माल, गिऱ्हाईक तिचं! परवा जाता जाता म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यापासून माल थेट कारखान्यातून घेतेय हं, तुम्हाला उगीच त्रास." बरं म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं ना? वाट बघितली थोडा वेळ... नाही वाटलं. मग फळ्या पुसल्या.

काल पुन्हा आली. "काका, असंच द्या." फोटो बघतो तर गळका नळ, खाली पोचा आलेलं सिंक, शेजारी कान तुटलेला निळा कप. आता हा कप मी रोज सकाळी तोंडाला लावतो हो! वॉशर काढला, दिला.

घरी गेलो तर ही खुशीत, "दहा मिनिटांत वॉशर आला, प्लंबरनं बसवलाही!"

"अगं, मला फोन करायचास!"

"तुम्ही म्हणाला असतात, ॲपवर टाक."

नळ उघडला, बंद केला. थेंब नाही. तेवढ्यात हिनं मोबाइल पुढे केला, "हे काय विचारतंय बघा." बघितलं. 'बसला का?' एवढंच. खाली पाच तारे.

दाबले. पाचही. एकदाच दाबायचं होतं हो... सोपं होतं.