मेजदी, माईक आणि एकशे शहाऐंशी पोरं

...आणि वर मलाच विचारतात, "दादा, एक माईक जोडायला चार दिवस?" चार दिवस! अहो, चार दिवसांत माणसाचं लग्न लागून मांडवपरतणी होते, पण तुम्हाला सांगतो, त्या माईकची ती जाडजूड तीन टाचण्यांची शेंडी आणि माझ्या कॉम्प्युटरचं ते गुलाबी भोक, यांची पत्रिकाच जुळेना!

बरं, माईक माझा नाही. मी निलोत्पल घटक, चंदननगरच्या शाळेत चौतीस वर्षं पोरांकडून आंबे-केळी काढून घेतली, म्हणजे चित्रात हो, आणि आता घरी बसलोय. माझा गुन्हा एवढाच की आमच्या गल्लीत साउंड कार्डवाला कॉम्प्युटर माझ्याकडे आहे. दुसरा गुन्हा, मी मेजदीचा धाकटा भाऊ आहे. मेजदी म्हणजे माझी मधली मोठी बहीण, शेफालिका. आमच्या गावच्या जगद्धात्री पूजेच्या गर्दीत हरवलेली पोरं भोंग्यावरून पुकारायचं काम एकतीस वर्षं तिच्याकडे. "बुबलाई! जिथे असशील तिथून मांडवाच्या पिवळ्या कमानीखाली ये! आई रडतेय!" असं मेजदीने म्हटलं की बुबलाईच काय, बुबलाईचा बाप सिगारेट टाकून कमानीखाली हजर!

आणि यंदा पूजा तीन आठवड्यांवर आली नि मेजदीच्या गळ्यात निघाली गाठ. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी कापू. आवाजाची शीर गाठीला खेटून आहे. "आवाज परत येईल, पण कधी आणि कसा, ते आज सांगता येत नाही." यावर मेजदी काहीच बोलली नाही. मेजदी! काहीच बोलली नाही! पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा! रिक्षात बसल्यावर मला धडकीच भरली हो.

हे पूजा समितीच्या सेक्रेटरीला कळलं. हाबुल दत्त त्याचं नाव. सोमवारी सकाळी आला, काखेत खोका. "दादा, कंडेन्सर माईक आणलाय, स्टुडिओत असतो तसला. मेजदीचा आवाज भरून ठेवू." म्हटलं, "अरे, फोनवर भर की!" तर म्हणतो, "गेल्या साली फोनवर भरलेलं भोंग्यावर लावलं होतं. पिंपात बेडूक बसल्यासारखं वाजलं. नको." बरं म्हटलं. "पण हाबुल, कुठलं पोर हरवणार ते आधी कसं कळणार?" तर पठ्ठ्या खिशातून कागद काढतो... एकशे शहाऐंशी नावं! टुबाई, तातान, झोंटू, मिष्टू, बुंबा, पुचकी... "ही तर सगळी लाडाची नावं!" तर म्हणे, "दादा, रडणारं पोर शाळेतलं नाव सांगतं का कधी?" तुम्हीच सांगा!

तर सोमवार गेला शेंडी आणि भोक यांच्याकडे बघण्यात. मंगळवारी बाजारातून वायर आणली, एका टोकाला तीन टाचण्या, दुसऱ्या टोकाला बारकी पिन. खुपसली. बसली! मेजदी समोर खुर्चीवर, पदर नीट करून, "हॅलो, हॅलो..." पडद्यावरची रेघ मेलेल्या गांडुळासारखी सरळ. वायर आहे, भोक आहे, मेजदी आहे... सगळं आहे, आवाज नाही!

मग इद्रिस मिस्त्रीकडे पळालो. घाटाजवळ रेडिओ दुरुस्त करतो, सत्तरीचा, मान वर न करता बोलतो. म्हणाला, "मास्तर, या माईकला अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात. तुमचं गुलाबी भोक देतं फार तर पाच. हत्तीला तुम्ही चमच्याने पाणी पाजताय. फँटम पॉवरचा डबा आणा." हाबुल घाबरला. "फँटम म्हणजे... भूत ना?" इद्रिस म्हणतो, "नाव आहे फक्त." पण हाबुलच्या पोटात काही राहतं का? गेला नि मेजदीला सांगून मोकळा! झालं! "नीलू! शुक्रवारी माझा गळा कापणार, आणि तू त्याआधीच माझ्या तोंडासमोर भूत आणून बसवणार? सख्खा भाऊ ना रे तू?" तासभर समजूत घातली. शेवटी डब्यावर जास्वंदीचं फूल ठेवायच्या अटीवर तयार झाली.

बुधवारी हाबुलने कोलकात्याहून डबा आणला. फूल ठेवलं. दिवा लागला, चांगला लालभडक! मेजदी म्हणाली, "हॅलो." काही नाही! अहो, दिवा आहे, भूत आहे, फूल आहे... सगळं आहे, आवाज नाही! अर्धा तास मी डब्याशी झटापट केली, आणि मग हळूच दिसलं की डब्याची वायर मी घाईत शेजारच्या हिरव्या भोकात घातलीय. हिरवं भोक ऐकायचं, गुलाबी बोलायचं! मी, चित्रकलेचा मास्तर! रंग चुकलो! हे हाबुलला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

गुलाबीत घातली, आणि कानाला हेडफोन लावला तर... मेजदी! माझ्या डोक्याच्या आत बसून बोलल्यासारखी! इतकी स्पष्ट की लहानपणी तिने पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती, ते आठवलं, आणि मी उगाच चष्मा पुसला.

पण तो माईक म्हणजे चहाडखोर विहीण! सगळं ऐकतो! फ्रिजची घरघर ऐकतो म्हणून फ्रिज बंद, आतली भेटकी मासळी वासाला लागली. पंखा बंद, खिडक्या बंद, वर गोधड्या टांगलेल्या. आणि मेजदी दीड दिवस पुकारतेय, "तातान! जिथे असशील तिथून... नीलू, नाकाने शिट्टी वाजवू नकोस!... पिवळ्या कमानीखाली ये!" आता तातान कमानीखाली येणार, की माझं नाक धरणार? पुन्हा घ्या! साठाव्या नावाला तिचा आवाज बसायला लागला. म्हटलं, "मेजदी, राहू दे, एवढी पुरेत." तर म्हणाली, "आणि एकसष्टावं पोर हरवलं तर? ते काय कमानीखाली म्हातारं होणार?" गरम पाण्याचा घोट घेतला, नि पुढचं नाव.

गुरुवारी संध्याकाळी एकशे शहाऐंशी पुरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळ. आम्ही कॉम्प्युटर, डबा, वायर सगळं उचलून धावत मांडवात, भोंगे टांगलेलेच होते. हाबुलने लावलं आणि... शांत! नुसती फ्रिजबिना गोधडीतली शांतता! अहो, वायर आहे, भूत आहे, भोंगे आहेत, एकशे शहाऐंशी पोरं आहेत... सगळं आहे, आवाज नाही! हेडफोन लावला तर मेजदी खणखणीत. भोंग्यावर मुकी! पुन्हा भरायला वेळ कुठला? आणि आवाज कुठला?

इद्रिसला सायकलवर बसवून आणला. त्याने वायर उकलून बघितली, पहिल्यांदाच मान वर केली. "मास्तर, या वायरने डाव्या बाजूला आवाज भरलाय सुलटा, उजव्या बाजूला उलटा. कान दोन आहेत म्हणून ऐकू येतं. भोंग्यात दोघं एकत्र येतात. सून म्हणते दार उघड, सासू म्हणते लाव. दार जागचं हलत नाही." म्हटलं, "मग?" "मग काय, एकीला माहेरी पाठवा." आणि भोंग्याकडे जाणारी उजवी वायर खटकन तोडली!

"टुबाईईई! जिथे असशील तिथून..." अख्ख्या गल्लीवर मेजदी! आम्ही तिघं नाचलो, आणि आनंदाच्या भरात ते चालूच राहिलं. तातान, झोंटू, मिष्टू, पुचकी... पाच मिनिटांत मांडवात सव्वीस आया! कुणाच्या हातात उलथनं, कुणाचे केस ओले, "माझा झोंटू कुठेय?" झोंटू आईच्याच काखेत होता हो! त्याला दाखवला, तरी बाईचा विश्वास बसेना. म्हणते, "मेजदी सांगतेय म्हणजे हरवलाच असणार!"

शुक्रवारी ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टरांनी सहा आठवडे बोलायला बंदी केली, कुजबुजसुद्धा नाही. पूजेला मेजदी मफलर गुंडाळून मांडवात खुर्चीवर बसली, आणि वर भोंग्यावर तीच बोलत होती. सप्तमीला नऊ पोरं, अष्टमीला चौदा, सगळी सापडली. ती नुसती ऐकायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची.

नवमीला एक पोर आलं. पाच वर्षांचं, एकाच पायात लाल मोजा. हाबुलने विचारलं, "लाडाचं नाव काय, बाळा?" तर म्हणतं, "आईने सांगितलंय, अनोळखी माणसाला लाडाचं नाव सांगायचं नाही." आणि शाळेतलं नाव सांगितलं! एकशे शहाऐंशी नावं पालथी घातली, त्यात शाळेतलं नाव असणार कुठून? शेवटी मांडवाचा जुना, फुटका, फडकं बांधलेला माईक उचलला, भोंग्याच्या यंत्रात खुपसला... पहिल्या फटक्यात चालू! ना डबा, ना भूत! आणि मी, आयुष्यात प्रथमच, त्याचं नाव पुकारलं, लाल मोज्यासकट. मिनिटाभरात आई आली, पोराला उचलून घळाघळा रडली. मला वाटलं, चला, घराण्याचं नाव राखलं. मेजदीकडे बघितलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, कौतुकाने!

सहा आठवडे संपले. डॉक्टर म्हणाले, "हं, आता बोला. जे मनात येईल ते." मी, हाबुल, नर्स, सगळे पुढे वाकलेले. मेजदीने घसा खाकरला, माझ्याकडे वळली, आणि तोच आवाज हो, थोडा जाड झालेला, पण तोच...

"ऋतंभर होतं रे त्या पोराचं नाव, गाढवा! ऋतुंबर काय? उंबर आहे का ते?"

पुढची पंधरा मिनिटं ती थांबलीच नाही. डॉक्टर खूश. म्हणाले, "शीर अगदी शाबूत आहे." मी म्हटलं, "हो ना... ऐकतोय मी."