आईला पुलाच्या अलीकडे ठेवलं

नाही, पण मी म्हणते, आईला पुलाच्या अलीकडे सोडायची गरजच काय होती? आं? चांगला व्हिडिओ गेम, त्याचा सिनेमा काढलात, काढा बापडे! पण खेळात असं नव्हतं हो!

तुम्हाला सांगते, आमचा सलिल जर्मनीला गेला ना, तेव्हा माझ्या हातात ते रिमोटसारखं डबडं देऊन गेला, "आई, फोनवर तू नुसतं जेवलास का, जेवलास का करणार, त्यापेक्षा खेळूया." मग काय, दर रविवारी मी इकडे कल्याणात जेवून, ओटा आवरून, आणि तो तिकडे नुकताच उठून... खेळातही तो मुलगा, मी आई, मलंगगडासारखा डोंगर ओलांडायचा. एक घसरला की दुसऱ्याने हात द्यायचा. आणि दोघं पोचल्याशिवाय पुलाचं फाटक उघडतच नाही! तो ओरडतोय, "आई, पळ, दरड येतेय!" आणि मी मागे कुणाच्या तरी घरातली पेटती चूल विझवतेय... अहो, अशी जळती टाकून जायचं का? चिडायचा, पण थांबायचा. थांबावंच लागायचं हो त्याला.

आणि सिनेमात? दरड कोसळतेय आणि त्या आईची लिपस्टिक जागच्या जागी! खेळात अवाक्षर न बोलणारी बाई, इथे पुलाशी उभी राहून, "जाओ बेटा! पीछे मुडके मत देखना!" आणि तो गेला की! फाटक आपलं सताड उघडं! मी थिएटरात मोठ्याने म्हटलं, "अरे, खेळात असं नव्हतं!" तर आमचे हे, "हेमा, हळू. सिनेमाय तो, लोकांना रडवायला नको?" आणि स्वतःच नाक पुसतायत!

म्हटलं, सलिल तरी भडकेल. त्यानेही तिकडे पाहिलेला. फोन केला, तर म्हणतो, "आई, शेवट कसला भारी केलाय ना! गेममध्ये उगाच दोघं एकमेकांत अडकून पडतात." अडकून...! वर म्हणतो, "आणि ऐक ना, आता रविवारचं नाही जमणार गं. सायकलिंगचा ग्रुप जॉइन केलाय."

अगदी ओठावर आलेलं, अरे, खेळात असं नव्हतं रे... पण म्हटलं, "हो, छान दाखवलंय शेवटी." वाईट वाटलं हो, खूप वाटलं. पण जाऊ दे. रविवारी दुपारी अख्खी सोसायटी झोपते, मी पण झोपेन... मला काय धाड भरलीय!