अकराचा आकडा

(शर्यतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, गॅरेजमध्ये. ताई हातमोज्याची उसवलेली शिवण घालतेय. धाकटा भाऊ आकड्यांची पाटी पुसतोय.)

भाऊ : पेपरवाल्याला मुलाखतीत हे कशाला सांगितलंस?

ताई : काय रे?

भाऊ : की नऊ वर्षांपूर्वी शेवटी दमलीस, म्हणून पहिला नंबर हुकला.

ताई : मग? उद्या माझी शेवटची शर्यत. आता काय लपवायचं? पगार घेऊन गाडी पळवणारी इथली पहिली बाई मी. सगळे टपूनच बसले होते. म्हणाले, बाईमाणूस, शेवटी दमणारच. म्हटलं, असेल बाबा.

भाऊ : तू दमली नव्हतीस.

ताई : तुला काय ठाऊक? तू पाटी धरून कडेला उभा. आधी पाच दाखवलास, म्हणजे पुढचा पाच सेकंदांवर. पुढच्या फेरीला बघते तर अकरा! आणि मला वाटत होतं, गाडी झकास पळतेय. म्हटलं, आपण ढेपाळलोय आणि आपल्याला कळतसुद्धा नाही. दिला पाय सैल सोडून.

भाऊ : तीन होते.

ताई : काय तीन?

भाऊ : सेकंद. तीनच उरले होते, ताई. अकरा मी लावले.

ताई : उगाच काहीतरी बरळू नकोस.

भाऊ : घड्याळ माझ्याच हातात होतं. आदल्या दिवशी सरावात शेवटच्या वळणावर एक गाडी उलटली, आठवतं? त्या माणसाला बाहेर काढायला मी गेलो होतो. आणि शर्यतीत तू तिथे ब्रेकच लावत नव्हतीस. आईला सांगून आलो होतो, हिला धड घरी आणतो म्हणून. म्हटलं, अकरा बघून तरी नाद सोडशील.

ताई : अरे मेल्या! घाबरलास तू, आणि नऊ वर्षं दमले मी?

भाऊ : रोज सांगायचं ठरवायचो. तोंडच उघडायचं नाही.

ताई : त्या दिवसापासून प्रत्येक शर्यत मी जपून चालवली. शेवटी दम पुरायला हवा म्हणून. एकदाही पहिली आले नाही रे.

भाऊ : माहितीये. उद्या पाटी दुसऱ्या कुणाला दे.

ताई : पाटीचं नंतर बघू. फोन लाव त्या पेपरवाल्याला.

भाऊ : आत्ता? शर्यत तरी होऊ दे.

ताई : आत्ता. उद्या ती एकोणीस वर्षांची पोर उतरतेय ना, काल माझ्याकडे आली होती. काय सांगितलं मी तिला? जीव राखून चालव, आपण बायका लवकर दमतो. मी सांगितलं, मी! लाव फोन.

भाऊ : लागला... हॅलो. मी तिचा भाऊ बोलतोय, पाटी धरतो तो. हो, तिच्या मुलाखतीबद्दलच. एक दुरुस्ती आहे, लिहून घेता? ती दमली नव्हती. मी घाबरलो होतो.