पिच्चरमंदी मी गायलीच नाई

माहा गाव ब्रह्मपुरीपासून जवळच, सारा धानाचा मुलूख. बाप दंडारीच्या खेळात लुगडं नेसून बाईचा पार्ट करे आन् सकाळी उठून धानाच्या बांधीत चिखल करे, दोनी कामं सारख्याच मनानं. गळा मले त्याचाच आला. पन बाप गाये त लोकं वाहवा करत, पोरगी गायली त नावं ठेवत. माय म्हने, गाऊ दे तिले, गळा का चुलीत घालाचा हाय? त अशी मी झाडीपट्टीच्या नाटकात गेली.

आमच्या इकडं दिवाळी झाली का गावोगाव बैलाच्या शर्यतीचे पट भरतात, मंडईची जत्रा भरते, आन् जिथी पट तिथी नाटक. वावरात पडदा लागते, मानूस हजारानं बसते, आन् गानं नसन त त्याले कोनी नाटक म्हनतच नाई. का सांगू तुमाले, नाटकात नवरा मेला त आधी पेटीनं सूर द्याचा, मंग आपन रडाचं, आन् रडाचं असं का मांगच्या बैलगाडीवर बसल्या म्हातारीले बी ऐकू गेलं पायजे. पेटीवर आमचे मास्तर. मास्तर म्हनजे माहे घरवालेच, लगन तिथीच जमलं.

त एकदा गोंडपिपरीकडं नाटक होतं, मुंबईचा एक दिग्दर्शक पाहाले आला. सकाळी आमी चहा पिऊन राह्यलो होतो, तो आला आन् म्हने, बाई, माझ्या पिक्चरमध्ये आईचं काम कराल का, तिच्या मुलाला वाघ मारतो. मी म्हनली, गाने कितीक हायत? म्हने, एकही नाही. मी म्हनली, मंग मले कायले नेता? नाटकाचा मालक तिथीच उभा, तो म्हने, भर सीझन हाय, बाई गेली त तिचा पार्ट दुसरीले देईन. मी मास्तरकडं पाह्यलं. मास्तर म्हने, जा तू. पार्ट गेला त गेला, मी वाजवतो ना इथी. आन् गेलाच पार्ट, दुसरी आली, मास्तर तिच्यासाठी वाजवत राह्यले.

शूटिंग जंगलातल्या एका टोल्यावर, धा-बारा घरांची वस्ती. पोराले बाजेवर घालून आनतात, तो सीन. मी छाती बडवली, हंबरडा फोडला, टोल्यावरचे लोकं कामं सोडून पाहाले आले. दिग्दर्शक म्हने, कट, बाई, कमी करा. मी कमी केलं. म्हने, अजून कमी. दुपारवर हेच. मले वाटलं, आता हा मले वापस पाठवते, आन् तिकडं त पार्ट बी गेला.

आता सुरेशचं सांगतो. माहा लहान भाऊ. धान रोवन्याच्या दिवसात बांधीत त्याले साप डसला, दवाखान्यात नेता नेताच गेला. अंगनात आनून ठेवला, आमी सारे रडून राह्यलो, आन् माय आत गेली, सुपात तांदूळ घेतले आन् निवडाले बसली. एक एक खडा. कोनी हात धरला त झटकून टाके. डोळ्यात एक आसू नाई. लोकं म्हनले, बाईचं काळीज गोट्याचं हाय. तवापासून घरात सुरेशचं नाव कोनी काढत नव्हतं.

मी दिग्दर्शकाले काईच सांगतलं नाई. म्हनली, एक सूप आना, तांदूळ आना. आन् बसली निवडत. बस, तेवढंच केलं. तो म्हने, झालं, बाई.

पिच्चर आला, बक्षीस भेटलं, पेपरात फोटो आला, जिथी जावो तिथी लोकं म्हनत, सुपावाली माय आली. आन् मले एकाच गोष्टीचा भेव, मायनं पाह्यलं त का होईन? ती म्हने, मले ने ना व, मी आज-उद्या करत राह्यली. मास्तर म्हने, माय कोनाच्या त मोबाईलवर पाहीनच, त्यापेक्षा तूच ने.

ब्रह्मपुरीले दुपारच्या खेळाले नेलं. तो सीन आला त माय मोठ्यानं म्हनली, हे त मी हाव. लोकं वळून पाहाले लागले. मंग शेवटवर पडद्याकडंच पाहत राह्यली. बाहेर येऊन एसटीची वाट पाहत बसलो, मी म्हनली, माय, राग आला का? माय म्हने, तांदूळ त निवडाच लागत होते ना व बाई. पोरगा उपाशीच गेला होता बांधीवर. मी त्याले म्हनली, थांब, भात लावतो, त पोरगा म्हने, आल्यावर जेवतो. आन् आला ना तो.

आन् रडली. भर स्टँडवर, पदर तोंडात न घालता रडली. एक एसटी गेली, दुसरी गेली, आमी बसूनच. घरी येतवर सुरेश तळ्यात कसा पोहे, कसा खोटं बोले, सारं सांगत आली, आन् तवापासून घरात त्याचं नाव निघते, त्याच्या आवडीचे वडे बी होतात.

मालकानं मले वापस घेतलं, पोस्टरवर पिच्चरवाली म्हनून लिवलं. पन पब्लिकले गानंच पायजे, आन् मले बी. आता वरचा सूर लागत नाई, मास्तर पट्टी खाली घेऊन देतात, चालते. दिग्दर्शकाचा फोन येते अधूनमधून, म्हने, बाई, अजून एक आई आहे, ती पण बोलत नाही. मी म्हनली, भाऊ, एखादी गानारी माय लिवा ना. तो म्हने, पाहू. लिवन तवा लिवन. त्याचं भलं होवो. माहा सीझन त दिवाळीले लागतेच.