सुट्टीतली नोंद

डॉ. मानसी : हे केस आहेत की कढई? सृष्टी, केस धुऊन यायचं, तेल लावायचं नाही, हे सांगितलं होतं ना?

सृष्टी : सॉरी मॅडम. सकाळी आईनं घातलं.

नंदाबाई : मीच घातलं. पोरीचं डोकं तापतंय म्हनून. तेलानं काय बिघडलं?

डॉ. मानसी : मावशी, डोक्याला या तारा चिकटवायच्या असतात. तेलावर कशा चिकटतील? डॉक्टर होणाऱ्या मुलीला एवढं घरी सांगता येत नाही?

सृष्टी : सांगितलं होतं.

नंदाबाई : सांगितलं व्हतं. मला वाटलं, उगाच काय तरी.

डॉ. मानसी : जा, बेसिनवर शाम्पूनं धू. चांगलं चोळून. आणि मावशी, तुम्ही बाहेर थांबा.

नंदाबाई : थांबते. पर म्याडम, हिला झालंय तरी काय? पुस्तक उघडलं की रडती, रातचं झोपत न्हाई. मी म्हन्ते, नाटकं. तर म्हनली, चल माझ्यासंगं, यंत्रावर बघ, मग तरी पटंल.

डॉ. मानसी : ही तपासणी नाहीये. परीक्षेत मुलांच्या मेंदूवर किती ताण येतो आणि सुट्टीत तो किती उतरतो, यावर माझा प्रबंध आहे. परीक्षेच्या वेळची नोंद झालीय, आज सुट्टीतली.

नंदाबाई : ताण! आमच्याकडं पवना धरनाच्या काठाला शनवारी लोकं तंबूत येत्यात, ताण घालवायला म्हनं. रातभर बोंबलत्यात, अन् भाकऱ्या मी थापायच्या. माझ्या डोक्याला लावा की तारा.

सृष्टी : आणि मला काय करायला लावतेस ते पण सांग. झोपेतून उठवून त्याच लोकांची नाडी बघायला पाठवतेस. ‘आमची डाक्टरीन.’ अजून माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा व्हायचीय, आई.

नंदाबाई : सांगितलं तर काय चुकलं? अख्ख्या तिकोणा पेठेत कुनाची पोरगी हाय एवढी शिकलेली? अन् ही रडत बसती!

डॉ. मानसी : तुमचं भांडण घरी. सृष्टी, केस.

(नंदाबाई बाहेर जाते. सृष्टी केस धुऊन, वाळवून येते. तारा लागतात. ती डोळे मिटून पडते.)

डॉ. मानसी : झालं. उघड डोळे. अहो, तुम्ही आत कधी आलात?

नंदाबाई : मगाशीच. चपला भायेर काढल्या. आवाजबी केला न्हाई.

डॉ. मानसी : छे! फुकट गेली ही नोंद. डोळे मिटून माणूस निवांत पडला की मेंदूच्या संथ, सारख्या लाटा उमटतात. हिच्या बघा, परीक्षेला होत्या तशाच तुटक. सुट्टीतही असलं डोकं घेऊन येणार असाल, तर मी सिद्ध काय करू?

सृष्टी : म्हणजे दिसतंय ना, मॅडम? खरंच दिसतंय? आईला सांगा ना.

डॉ. मानसी : मी इथं साक्ष द्यायला बसले नाहीये.

नंदाबाई : यंत्रालाबी घोळात घेतलं बया हिनं!

डॉ. मानसी : एक मिनिट. सुरुवातीला आल्यात की संथ लाटा. अगदी छान. आणि इथं एकदम मोडल्या.

नंदाबाई : तितं काय झालं?

डॉ. मानसी : तेच बघतेय. हां... सोबतच्या व्हिडिओत याच वेळी दार उघडलंय. तुम्ही आत आलात.

नंदाबाई : मी तर कायबी बोलले न्हाई! हिचं डोळं मिटलेलं, हिला काय कळतंय?

सृष्टी : कळलं होतं.

नंदाबाई : कशावरनं?

सृष्टी : तू आलीस की कळतं मला.

डॉ. मानसी : कशावरून का असेना. परत घेऊ. हलू नकोस, तारा आहेत. मावशी, ते दार लावून घ्या.

नंदाबाई : सृष्टे... आतनं लावू का भायेरनं?

सृष्टी : बाहेरून, आई.